नव्वद मिनिटं म्हणजे नव्वद मिनिटं

आयुष्यात मी एकच सॉकर मॅच प्रत्यक्ष मैदानात बसून पाहिली आणि तीसुद्धा पूर्ण पाहिली नाही. चूक माझी होती. पार्किंगवाल्याची नव्हती, गेटवरच्या बाईंची नव्हती, ढोलवाल्याची नव्हती, रेफरीची तर मुळीच नव्हती. (त्या दिवशी मी या चौघांवरही भडकलो होतो, म्हणून हे आधीच लिहून टाकतो.)

सई आमची एकुलती एक मुलगी. वय सोळा, जन्म न्यू जर्सीतला. शाळेच्या सॉकर टीममध्ये ती दुसरी गोलकीपर आहे. दुसरी म्हणजे पहिलीला ताप आला तर. पहिलीची तब्येत दोन वर्षं ठणठणीत आहे. त्यामुळे सईचा सगळा जीव बायकांच्या व्यावसायिक टीममधल्या एका गोलकीपरवर. तिच्या जर्सीवर एकचा आकडा. मी तिला सरळ 'एक नंबर' म्हणायचो आणि सई म्हणायची, "बाबा, दॅट्स नॉट फनी."

तर ही एक नंबर रिटायर होणार होती. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच रविवारी दुपारी दोनला. मॅच संपली की ती कठड्यापाशी येऊन सह्या देणार होती. सईला आपल्या ग्लोव्ह्जवर तिची सही हवी होती आणि तिला एक वाक्य सांगायचं होतं. वाक्य काय, ते कोणाला सांगत नव्हती, पण बाथरूमच्या दारातून आम्हाला दोन आठवडे त्याची प्रॅक्टिस ऐकू येत होती.

त्याच रविवारी साडेचारला एडिसनमध्ये मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती. मंडळात मी वेळ-नियंत्रक आहे. म्हणजे गाणाऱ्यांची पाच मिनिटं झाली की मी टेबलावरची घंटा वाजवतो. (भैरवीच्या ऐन मध्यावरही वाजवली आहे. त्या काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.) असा माणूस तालमीला उशिरा पोचेल? मी हिशोब केला. दोनला सुरू, नव्वद मिनिटं खेळ, पंधरा मिनिटं मध्यंतर. पावणेचारला खलास! तीन बावन्नला गाडीत, चार अठ्ठावीसला हॉलवर. दोन मिनिटं हातात.

"थोडं मागेपुढे होतं रे मिलिंद," वैशाली म्हणाली. ही माझी बायको.

"हे अमेरिकन लोक आहेत. आपल्या तबलजीसारखे नाहीत. नव्वद मिनिटं म्हणजे नव्वद मिनिटं!"

पहिला भडका पार्किंगमध्ये उडाला. एका मोकळ्या जागेत चार माणसं खुर्च्या टाकून शेगडीवर सॉसेज भाजत होती. मी हॉर्न वाजवला. त्यांनी हात हलवला. मी पुन्हा वाजवला. त्यांनी मला सॉसेज दाखवलं! पार्किंगवाल्याला बोलावून मी म्हटलं, "ही गाड्यांची जागा आहे की स्वयंपाकघर?" त्याने मला शांतपणे पार शेवटच्या टोकाला पाठवलं. तिथून स्टेडियम चिंचोक्याएवढं दिसत होतं.

गेटवर दुसरा. पारदर्शक पिशवीच आत नेता येते, असा नियम. वैशालीच्या खांद्याला पैठणीच्या काठांची झोळी आणि झोळीत स्टीलचा डबा. त्यात बटाट्याच्या भाजीचे सहा पोळी-रोल.

"सर, धातूचा डबा चालत नाही," गेटवरच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"आत पोळी आहे!"

"सर, मी पोळीबद्दल बोलत नाहीये."

"बाबा, प्लीज," सई दातांतल्या दातांत म्हणाली. "एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत! मी काय बॉम्ब आणलाय?"

हा शब्द अमेरिकेत कुठल्याही गेटवर, कुठल्याही भाषेत उच्चारू नये. दोन धिप्पाड माणसं आली. त्यांनी सहाही रोल उलगडून पाहिले. एकाने वास घेतला आणि त्याचा चेहरा जरा निवळला. मायलेकींना आत सोडलं आणि डबा-झोळी घेऊन मला त्या शेवटच्या टोकाच्या गाडीकडे पिटाळलं. जाताना रागाने दोन रोल खाल्ले, येताना घाम पुसत होतो, तेवढ्यात आतून प्रचंड गर्जना आली.

मी धावत जागेवर पोचलो. "काय झालं?"

"गोल झाला," वैशाली म्हणाली. "आपला. फार छान होता."

"इतक्यात? अजून तीन मिनिटंही झाली नाहीत!"

"सॉरी हं. तुझ्यासाठी थांबायला सांगायला हवं होतं."

जागा मी निवडली होती, गोलच्या बरोब्बर मागे. क्रिकेट कसं, बोलरच्या हाताच्या मागून उत्तम दिसतं! इथे समोर फक्त पाठी दिसत होत्या. पुढची सगळी रांग उभी. मी पुढच्या माणसाच्या खांद्यावर टकटक केली. तो वळला. त्याच्या गळ्यात आपल्या ढोलपथकात शोभेल एवढा ढोल होता.

"एक्सक्यूज मी, जरा बसता का?"

"सर, हा उभं राहण्याचा विभाग आहे," तो अदबीने म्हणाला आणि ढोल बडवायला लागला. पुढचा दीड तास तो दर चार सेकंदांनी बडवत होता.

"तू तिकिटं काढताना वाचलं नाहीस?" वैशालीने ढोलावर ओरडून विचारलं.

"वाचलं! सपोर्टर्स असं लिहिलं होतं! आपण सपोर्टर नाही का?"

त्यात आणखी एक लक्षात आलं. एक नंबर आमच्यासमोर नव्हतीच. ती पार पलीकडच्या गोलमध्ये, मुंगीएवढी. "तिला तिकडे कोणी उभं केलं?" मी कडाडलो. सईने डोळे मिटून घेतले. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात हे मला एका सात-आठ वर्षांच्या अमेरिकन मुलीने समजावून सांगितलं. तिने फार हळू आणि सोप्या इंग्रजीत सांगितलं, त्याचा मला जास्त राग आला.

मग रेफरी बाई. आमची एक खेळाडू चेंडू घेऊन सुसाट निघाली की ही शिट्टी वाजवून थांबवायची. "ऑफसाइड!" लोक ओरडायचे.

"ऑफसाइडला आहे तर असू दे की!" मी ओरडलो. "ऑफसाइडला फटका मारायला कधीपासून बंदी?"

"बाबा, हे क्रिकेट नाहीये! स्टॉप टॉकिंग!"

एवढ्या वेळात मी एकच गोष्ट स्वतःच्या बुद्धीने शिकलो. कडेला एक माणूस दिव्यांची पाटी वर धरतो. पाटीवर चौदाचा आकडा आला की चौदा नंबरची खेळाडू बाहेर जाते. मी ते वैशालीलाही समजावलं. दिवसभरात पहिल्यांदाच मला काहीतरी कळत होतं आणि इतक्या वेळच्या अपमानानंतर त्या ज्ञानाची मला नशा चढली.

दुसऱ्या अर्ध्यात एक नंबर आमच्यासमोर आली. सई कठड्याला चिकटून उभी. एकदा एक नंबरने वळून आमच्या बाजूला हात केला आणि सईने माझा दंड इतका घट्ट धरला, की तेव्हा मी निदान दोन मिनिटं कोणावरही रागावलेला नव्हतो. मग मी घड्याळ पाहिलं. मैदानावरच्या मोठ्या घड्याळात नव्वद पूर्ण झाली. तिथेच थांबली. आणि कडेच्या माणसाने पाटी वर केली: सहा.

"चला! सहा नंबर बाहेर. संपलं. निघा!"

"बाबा, नो! दॅट्स स्टॉपेज टाइम! सिक्स मोर मिनिट्स!"

"मला शिकवू नकोस. ती पाटी कशाची असते ते मला माहितीये."

"बाबा, आय नो धिस गेम! आय प्ले धिस गेम!"

आता इथे मी थांबायला हवं होतं. समोर गोलकीपर पोरगी उभी आहे, ती सांगते आहे आणि मी, ज्याने ऑफसाइडवर व्याख्यान दिलं होतं, तो मी म्हणालो, "सही ती बाहेर गेटवरपण देईल. सगळे खेळाडू बाहेर येतातच. साडेचारला माझी माणसं खोळंबतील."

"अरे, सहाच मिनिटं म्हणतेय ती," वैशाली म्हणाली.

"मी गाडीकडे चाललो. किल्ली माझ्याकडे आहे. यायचं त्याने या!"

हे वाक्य जगातल्या सगळ्या मूर्ख बापांनी म्हटलेलं आहे. आणि ते म्हणून मी खरोखरच चालायला लागलो. मागे ढोल वाजत होता. थोड्या वेळाने वैशालीची पावलं ऐकू आली, मग सईची. बाहेर पडताना गेटवाल्या बाई म्हणाल्या, "सर, एकदा बाहेर गेलात की परत आत येता येत नाही."

"कोणाला यायचंय?" मी म्हणालो.

आम्ही पार्किंगच्या मध्यावर असताना आतून पहिली ओरड आली, घाबरल्यासारखी. मग शांतता. ढोलही थांबला. आणि मग असा आवाज फुटला, की सॉसेजवाले (ते अजून तिथेच होते, फोनवर मॅच बघत) खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. त्यांच्यातला एक सईची जर्सी बघून ओरडला, "पेनल्टी! तिने पेनल्टी अडवली! शेवटच्या मिनिटाला!"

सई तशीच उभी राहिली. मग तिने ग्लोव्ह्ज काढून पोटाशी धरले आणि रडायला लागली. आवाज न करता. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो... काय म्हणालो असेन?

"चल, सीटबेल्ट लाव. आता सगळी गर्दी सुटेल."

गाडीत मैत्रिणींचे व्हिडिओ यायला लागले. वैशालीने एक पाहिला आणि फोन माझ्यासमोर धरला. एक नंबर हवेत आडवी झेपावली आहे, बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर ढकलते आहे. तिच्या बरोबर मागे माणसांची गच्च भिंत आणि त्या भिंतीत दात पडल्यासारख्या तीन रिकाम्या जागा. आमच्या!

हॉलवर पोचलो चार अठ्ठावीसला. हॉलला कुलूप. साडेचार झाले, पावणेपाच झाले. पाचला तबलजी आला आणि म्हणाला, "अरे, तू इतक्या लवकर?"

मी त्याच्यावर जो काही भडकलो, त्याचं वर्णन करत नाही. त्याची बायको मंडळाची खजिनदार आहे.

घरी खरी शिक्षा सुरू झाली. सई एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलते, फार तर मध्ये 'तू' घालते. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून घ्या. मला भूक नाही."

तुम्ही! मंडळाच्या मराठी शाळेत मी स्वतः तिला सर्वनामं शिकवली होती. दहा वर्षांत तिने एकदाही ती नीट वापरली नाहीत आणि आता चार दिवस एकही चूक नाही. "तुमचा फोन वाजतो आहे." "तुम्हाला आईने बोलावलं आहे." व्याकरण इतकं शुद्ध, की घरात वकिलाची नोटीस वाचल्यासारखं वाटायचं.

मी उपाय केले. आंबा कापून दिला. "आभारी आहे," ती म्हणाली. टीमचा स्कार्फ मागवला. तो तिने घडी करून माझ्याच टेबलावर ठेवला. एक नंबरला टीमच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, त्यात माझ्या तालमीचं वेळापत्रक सविस्तर जोडलं. उत्तर आलं नाही.

"हे सगळं करतोयस," वैशाली म्हणाली, "ते एक सोडून."

"कुठलं एक?"

"मिलिंद."

खरं सांगतो, मला येतच नव्हतं. माझ्या वडिलांनी आम्हाला कधी सॉरी म्हटलं नाही. फार झालं तर बाजारातून येताना पेरू आणायचे आणि आम्ही ते समजून घ्यायचो. सईला कसं समजणार? तिला पेरू आवडत नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती गॅरेजच्या दारावर चेंडू मारत होती आणि उसळून आलेला झेपावून पकडत होती. धाड! पकड. धाड! पकड. मी ड्राइव्हवेवर जाऊन उभा राहिलो.

"सई, माझं चुकलं."

धाड!

"मला तो खेळ कळत नव्हता..."

धाड! "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"म्हटलं, मला कळत नव्हतं, ते सोड. पण तुला कळत होतं आणि मी तुला गप्प केलं..."

धाड!

"अगं, सॉरी म्हणतोय ना मी!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "माझं चुकलं! तू रडत होतीस आणि मी सीटबेल्ट लाव म्हणालो! तुझा दिवस घालवला मी! ऐक की जरा नीट!"

चेंडू थांबला. आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी आहेत. समोर झाडांना पाणी घालणाऱ्या काकूंनी नळी बंद केली. (त्याच त्या, भैरवीवाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यातलं सगळ्यात मोठं समाधान होतं.)

सईने चेंडू काखेत धरला. ओठ घट्ट मिटलेले, पण एका कोपऱ्याला थोडे हललेले.

"बाबा," ती म्हणाली, "यू आर येलिंग ॲट मी."

मी आवाज खाली आणला, काकूंकडे पाठ केली आणि पहिल्यांदाच न रागावता म्हणालो, "सॉरी. आत्ता सॉरी ओरडून म्हटलं, त्याबद्दलसुद्धा."