वेदीमागची भिंत

चुन्याच्या कामात चाळीस वर्षं घालवलेल्या त्या बाईला सगळं गाव ताई म्हणायचं, सख्खा धाकटा भाऊसुद्धा. चुनकळी भिजवायची, महिनाभर मुरू द्यायची, चाळायची, वाळूत कालवून घोटायची, हे ती नवऱ्याकडून शिकली आणि तो गेल्यावर एकटीने करत राहिली. गावचं दगडी चर्च दोनशे वर्षांचं. त्याच्या भिंतींवर दर दोन वर्षांनी तिचाच हात फिरायचा. चुना मुरलाय की नाही ते ती चिमटीत धरून सांगायची, आणि तिथे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

मग अकरा वर्षांपूर्वी चर्च वाचवायची मंडळींना हुक्की आली. हुक्कीच म्हणायची ती. भाऊ चर्चच्या समितीचा सेक्रेटरी झाला होता. त्याने फर्मान काढलं, आता एकदाच काय ते पक्कं काम करू, सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट.

"अरे, जुन्या भिंतीत पाणी मुरतं, ते चुन्यातून बाहेर पडतं," ताई म्हणाली. "सिमेंट लावलंस तर ते जाईल कुठे?"

"जग कुठे चाललंय, ताई, आणि तू अजून चुनाच घोटतेस," भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला. मंडळी हसली. सुट्टीच्या दिवशी सगळं गाव घमेली घेऊन राबलं. चारचौघांत भावाचा मान राखायचा म्हणून ताई मूग गिळून बसली. तिला याचा राग अजून येतो, आणि भावापेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

व्हायचं तेच झालं. वेदीमागची भिंत पुरुषभर उंचीपर्यंत ओली झाली, रंगाला फोड आले, सांध्यांतला जुना चुना भुगा होऊन गळू लागला. यंदा इंजिनिअर आला, दहा मिनिटं थांबला आणि भिंत धोकादायक आहे असं लिहून गेला. भाऊ कागद घेऊन ताईच्या स्वयंपाकघरात हजर. भिंत पाडून काँक्रीटची बांधायची होती. समितीत ताईही होती; बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, तिची तेवढी राहिली होती.

"गिलावा काढून बघितलास?" तिने विचारलं.

"लोकांनी घाम गाळून लावलाय तो. चुकीचा होता म्हटलं तर त्यांना काय वाटेल?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दोनशे वर्षांची भिंत गेली तरी चालेल, पण साहेबांचं नाक वर राहिलं पाहिजे! तिने गॅस बंद केला, छिन्नी-हातोडा उचलला आणि भावाला दंडाला धरून चर्चमध्ये नेलं.

"काढ," ती म्हणाली.

हातभर गिलावा निघाला. मागून कोंडलेलं पाणी ओघळलं. ताईने आतल्या दगडावर हातोडा मारला, तो खणखणीत वाजला. दुसराही वाजला. दगड शाबूत होते. सांधे चुन्याने पुन्हा भरले की भिंत टिकणार होती. भावाने कागदाची घडी करून खिशात घातली.

रविवारी उपासनेनंतर तो मंडळीपुढे उभा राहिला. "भिंत पाडायची गरज नाही. फक्त गिलावा काढायचा. त्या वेळी माल जरा... नीट कालवला गेला नव्हता."

माल कालवणारा गवंडी तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याने मान खाली घातली. आता ताईला बसवेना. लोकांना वाईट वाटेल म्हणून काल गळा काढणारा हा माणूस आज त्यांच्याच माथी खापर फोडत होता.

ती उभी राहिली. "माल उत्तम होता. सिमेंट लावायचं कोणी ठरवलं, ते सांग."

भाऊ खोकला. त्याने पाळकांकडे बघितलं, पाळकांनी पुस्तकात बघितलं. ताई उभीच.

"मी ठरवलं," शेवटी तो म्हणाला. "ताई नको म्हणत होती."

"आणि मी नंतर गप्प बसले," ताई म्हणाली. "उद्यापासून गिलावा काढायचाय. ज्यांच्याकडे छिन्नी असेल त्यांनी या."

गवंड्याने मान वर केली. "किती वाजता, ताई?"