घड्याळजींचा शर्ट

माझ्या काकाने आयुष्यभर गाद्या शिवल्या आणि निवृत्त झाल्यावर लोकांची कुत्री सांभाळायला घेतली. लोक गावाला गेले की आपलं कुत्रं त्याच्याकडे ठेवून जात. माडीवरच्या लांबट खोलीत त्याने उरल्यासुरल्या कापसाच्या गाद्या घातल्या होत्या. दुपारी तिथे पडद्यातून पिवळा उजेड यायचा आणि चार-पाच कुत्री आपापल्या स्वप्नात पळत असायची. पाय हलायचे, मिशा थरथरायच्या, मधूनच एखादं घशातल्या घशात भुंकायचं. काका मध्ये खुर्ची टाकून नुसता बघत बसायचा. मीही बसले की आपण सगळेच पाण्याखाली आहोत असं मला वाटायचं.

येणारा प्रत्येक जण आपल्याच जातीचे गोडवे गायचा. लॅब्रेडोरवाल्या बाई सांगायच्या, "आमचा इतका गरीब, की चोराला दारापर्यंत सोडायला जाईल." डॉबरमनवाले त्यावर नाक मुरडायचे. पामेरियनवाल्या आजींना दोन्ही राक्षस वाटायचे. काकाला कुणी विचारलं, तुमची आवडती जात कोणती, की तो म्हणायचा, "झोपलेली."

स्वतःचं मात्र पुन्हा एकही पाळलं नाही त्याने. लहानपणी त्याचा अल्सेशियन गेला, तेव्हापासून "आपल्याला परक्यांचीच बरी" हे त्याचं पालुपद. मला ते कधीच पटलं नाही. प्रेम करायचं आणि तेही अंग राखून, ही कुठली रीत?

त्याचा नियम एकच. मालकाने अंगावरचा, न धुतलेला कपडा ठेवून जायचा. त्या वासावर कुत्रं शांत झोपतं. मालक न्यायला आला की काका कुत्र्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणायचा, "ऊठ रे, तुझा माणूस आलाय."

कोपऱ्यावरचे घड्याळजी ऑपरेशनला जाताना आपला डॅशहंड आणि चौकटीचा शर्ट ठेवून गेले. आखूड पाय, लांबलचक पाठ. काकू त्याला 'बाकडं' म्हणायची. घड्याळजी परत आलेच नाहीत. त्यांचा परदेशातला मुलगा फोनवर रडला आणि म्हणाला, "काका, त्याच्यासाठी चांगलं घर बघा."

काकाने बघितलंही. एक शिक्षिकाबाई आल्या, त्यांना बाकडं आवडलं, पण ते शर्टावरून उठेना. वास विरत चालला होता, त्यामुळे ते नाक दिवसेंदिवस जास्तच आत खुपसायचं.

"रविवारी शर्टासकट न्या," काका म्हणाला. "तेवढंच उरलंय त्याचं."

आणि शनिवारी सकाळी काकूने तो शर्ट धुतला. मळकं दिसलं की तिला राहवतच नाही. दोरीवरून पाणी गळताना पाहून काका पायरीवर मटकन बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अक्कल कुठे चरायला गेली होती माझी," काकू पुटपुटली.

शर्ट वाळल्यावर आम्ही तो गादीवर पसरला. बाकड्याने कॉलर हुंगली, खिसा हुंगला, काखेत नाक घातलं. मग ते उठलं आणि टुकूटुकू जिना उतरून गेलं.

थोड्या वेळाने बघतो तर ते कुठेच नाही. खाटेखाली नाही, अंगणात नाही. मी कोपऱ्यापर्यंत धावत गेले. घड्याळजींच्या दुकानाचं शटर बंद होतं, समोर कुणी नव्हतं. परत आले तेव्हा काकाचा चेहरा बघवत नव्हता. परक्यांचीच बरी म्हणे.

शेवटी काकूलाच दिसलं. न्हाणीघराबाहेरची मळक्या कपड्यांची टोपली आडवी पडली होती. काकूचा गाऊन आणि माझे मोजे बाजूला ढकललेले होते, आणि टोपलीमागे बाकडं काकाच्या कालच्या बनियनवर झोपलं होतं. त्याचे आखूड पाय भराभर हलत होते. कुठे पळत होतं कोण जाणे.

काका तिथेच फरशीवर बसला. बराच वेळ बसला. दुपारचा उजेड भिंतीवरून सरकत गेला. मग त्याने खुणेने माझ्याकडे फोन मागितला आणि शिक्षिकाबाईंना लावला.

"बाई, उद्या येऊ नका," तो अगदी हळू म्हणाला, बाकड्याची झोप मोडू नये म्हणून.

"का हो? काय झालं?"

"त्याचा माणूस आलाय."