‘बेशिस्त’ असा शेरा

हिराजीबाबा गेल्याचं मला कळलं ते बेलापूरच्या मासळी बाजारात, तेही जवळजवळ दोन आठवड्यांनी. दर रविवारी मी दिवाळे गावच्या सुनंदाकडून मासळी घेते आणि तिचे सासरे, म्हणजे हिराजीबाबा, ती साफ करून देत. आदल्या रविवारी ती बाजारात बसलीच नव्हती. त्या दिवशी बसली, पण पाटीमागची त्यांची फळी रिकामी दिसली म्हणून मी सहज विचारलं, "बाबा कुठायत? बोंबील कोण साफ करणार मग?" सुनंदानं मान वर न करता सुरी उचलली. "मीच देते ना करून. सासरा गेला माजा... बारावं पन झालं परवा." मी म्हटलं, "अगं, कळवलं का नाहीस?" तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. "तुमाला?" एवढंच म्हणाली आणि पुढचा बोंबील घेतला. मी पिशवी पुढं केली.

एक्क्याण्णव साली आम्ही दादरहून बेलापूरच्या नव्या सोसायटीत राहायला आलो आणि इथल्याच एका शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवू लागले. बाबांना प्रथम पाहिलं तेव्हा ते पासष्टीच्या आसपास असतील. बारीक चणीचा, ताठ बसणारा माणूस. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम सुनंदाचं, साफसफाई ह्यांची. माझ्याशी मात्र ते बोलत, कारण मी ‘मास्तरीनबाय’. "आज काय शिकवलंव पोरांना?" हा ठरलेला प्रश्न. एकदा मी सांगितलं की आठवीला अमेरिकेतल्या वसाहतींचं बंड शिकवतेय. ते म्हणाले, "मंग ते का उठले?" मी पुस्तकातलं सांगितलं. इंग्रजांनी कर लादले, आणि कर ठरवणाऱ्या सभेत वसाहतींचं माणूस कोणी नव्हतं. बाबांनी सुरमईचे खवले काढता काढता मान हलवली. "कर निमित्ताला असंल, बाय. आमी उठलो ना तवा मी त्यात होतो."

मग हळूहळू, दर रविवारी थोडं थोडं, ते सगळं बाहेर आलं. सतराव्या वर्षी ते इंग्रजांच्या आरमारात स्टोकर म्हणून भरती झाले होते. बॉयलरला कोळसा घालायचं काम. सेहेचाळीस साली मुंबई बंदरातल्या देशी खलाशांनी संप केला, गोऱ्यांचे झेंडे उतरवले, त्यात हे होते. मी मास्तरकीच्या सवयीनं म्हटलं, "म्हणजे जेवण वाईट मिळायचं म्हणून." त्यांनी सुरी खाली ठेवली.

"खानं वाईट म्हनून कोन उठत नाय. घरी तरी आमाला कुठं चांगलं होतं? डाळीत खडे यायचे, भातात आळ्या. आमी चार जनांनी ते भांडं उचललं आनि सायबाला दाखवाला नेलं. मनात काय वाईट नव्हतं. वाटलं, बघंल, सुधारंल. सायबानं भांडं घेतलं आनि आपल्या कुत्र्यापुढं ठेवलं. कुत्रा हुंगून मागं सरला. सायब हसला, त्याची बाय पन हसली... त्या दिवशी ठरलं, बाय. सांगाला गेलेल्या मानसाला हसलात, तर तो परत सांगाला येत नाय."

संप थोड्याच दिवसांत मिटला. आपल्याच पुढाऱ्यांनी हत्यारं खाली ठेवायला सांगितली आणि ह्यांनी ती ठेवली. बाबांना नोकरीवरून काढलं, वर कागदावर ‘बेशिस्त’ असा इंग्रजी शेरा मारला. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं. बाबा इस्त्रीचे कपडे घालून गोदीच्या फाटकावर गेले, आता आपलं राज्य, आता परत घेतील. फाटकावरचा शिपाई आपला होता, आतला साहेबही आपला होता. साहेबानं कागद वाचला आणि म्हणाला, बेशिस्त माणूस आम्हाला कशाला हवा? हे सांगताना बाबा चिडत नसत. "बरोबर हाय त्याचं. त्यालापन आता हुकूम माननारी मानसं पायजे होती." नोकरीची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. तो शब्द मात्र खोडला जावा, एवढं त्यांना हवं होतं. पन्नास वर्षं ते एवढंच मागत होते.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा शाळेत मोठा कार्यक्रम ठरला. मीच उत्साहानं बाबांचं नाव सुचवलं. प्रमुख पाहुणे होते एका सरकारी कचेरीतले बडे साहेब. ते तासभर उशिरा आले, आणि तोवर बाबा पांढरा सदरा घालून उन्हात पोरांबरोबर उभे होते. मी खुर्ची पुढं केली तर म्हणाले, "पोरं उभी हायत ना." बोलायला लागले तेव्हा आधी पोरं खुसफुसली, मग गप्प झाली. संप, झेंडे, भांडं, कुत्रा. मग ते फाटकावरच्या आपल्या साहेबावर आले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापकांनी मला खूण केली. बाबा साहेबांकडं वळून म्हणत होते, "सायब, तुमी मोठे हाव. मना पैसा नको. त्या कागदावरचा एक शब्द..."

मी उठले, माइकवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, वेळ झाली."

"हां, बाय," म्हणाले आणि उतरले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हसून त्यांना नारळ दिला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर बाजारात गेले. "बाबा, रागावलात?" "छ्या." मासळी नेहमीसारखीच साफ करून दिली, एक काटा राहिला नाही. पण आज काय शिकवलं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढं कधीच विचारलं नाही.

आता ते गेल्यावर मुख्याध्यापकांना शाळेच्या भिंतीसाठी त्यांचा फोटो हवा झाला, आणि तो आणायला मलाच पाठवलं. सात वर्षांत प्रथमच मी दिवाळ्यातल्या त्यांच्या घरी गेले. खाडीकडची खोली, दोरीवर अजून त्यांचा सदरा. सुनंदानं पाणी दिलं आणि फोटो द्यायला सरळ नकार दिला. "जीता होता तवा बोलू दिला नाय. आता भिंतीवर गप बसवाला पायजे काय?" मग काय वाटलं कोण जाणे, तिनं पत्र्याची पेटी उघडली. आत अर्जांच्या नकला होत्या, दिल्लीला, मुंबईला धाडलेल्या. आधीच्या कुणाकुणाच्या हस्ताक्षरात, शेवटच्या काही तिच्या. सगळ्यांच्या खाली ‘आपला आज्ञाधारक’. सर्वांत वरच्या अर्जावर मात्र ते दोन शब्द खोडलेले होते, आणि खाली नुसतं नाव, हिराजी, स्टोकर. तारीख शाळेतल्या कार्यक्रमानंतरची होती. सुनंदा म्हणाली, "मी लिवलं होतं. त्यांनी माज्या हातून खोडून घेतलं. बोलले, आता हे नाय लिवायचं."

परवा सातवीच्या वह्या तपासत होते. विषय अर्जलेखन. एका मुलीनं शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ लिहिलं नव्हतं, नुसतं नाव घातलं होतं. मी लाल पेन खाली ठेवला, परत उचलला. मग मी तिचा अर्धा गुण कापला.