आखाजीचा पितर आणि वरची खोली

आमच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी कक्ष उघडायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्या टेबलावर आलं. माझं टेबल दाराजवळ होतं, याशिवाय माझ्यात दुसरी काही पात्रता कुणाला दिसली असेल असं वाटत नाही. माझं इंग्रजी अर्जापुरतं. सुरुवातीचा आदर आणि शेवटची विनंती एवढं मला पाठ येतं, मधलं मी हातवाऱ्यांनी भागवतो.

तरी दरवर्षी नवी मुलं आली की स्वागताचं भाषण मीच करायचो. जळगावचं ऊन, डोक्याला रुमाल, पोलिसांकडची नोंदणी, सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायचो, ‘तुम्ही घरापासून लांब गेलेला नाहीत, तुमच्या दुसऱ्या घरी आलेला आहात.’ टाळ्या पडायच्या. पुढे एक माहितीपुस्तिका छापली, वर केळीचा घड आणि आत हेच वाक्य ठळक अक्षरांत. ते वाक्य माझं आहे हे मी घरी दोनदा सांगितलं होतं. बायको म्हणाली, तीनदा.

त्या वर्षी इथिओपियाहून एक संशोधक आला होता. तिशी उलटलेला, उंच, कमी बोलणारा. केळीवरच्या रोगावर पीएचडी करत होता. त्यांच्याकडे म्हणे केळीसारखंच एक झाड असतं, पण त्याचं फळ खात नाहीत, बुंधाच खातात. हे ऐकून आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे फार दयेने पाहिलं होतं. आठवड्यातले चार दिवस तो चोपड्याकडच्या मळ्यांत असायचा. तिथल्या मजूर बायांकडून तो जी भाषा शिकला, ती मराठी नव्हती, आमची अहिराणी होती. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “साहेब, काम शे.” मी धुळ्याकडचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत ऑफिसात ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणायचं मी मोठ्या कष्टाने सोडलं होतं, आणि हा आफ्रिकेतून येऊन ते माझ्या तोंडावर म्हणत होता.

एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवसापासून वसतिगृह दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहणार होतं. इथली मुलं आपापल्या घरी जाणार होती. त्याच्या झाडांच्या नोंदी मात्र नेमक्या मे महिन्यातल्याच हव्या होत्या. त्या चुकल्या तर अख्खं वर्ष वाया. शहरात चार ठिकाणी विचारून झालं होतं. परदेशी माणूस म्हटलं की घरमालक पोलिसांचा कागद भरावा लागेल म्हणून मागे सरत होते. तो कागद कसा भरायचा हे सगळ्या जळगावात कुणाला तोंडपाठ असेल तर मला.

“साहेब, तुमच्याकडे एक खोली? एक महिना,” तो म्हणाला.

आमच्या घरी वरची खोली रिकामीच होती. माझ्या वडिलांची. आदल्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हापासून तिथे त्यांची खाट, रेडिओ आणि बंद खिडकी एवढंच होतं. मी म्हणालो, “अरे, दिली असती. पण आखाजीला वर पाहुणे येणार आहेत. महिनाभर.”

हे बोलताना मी पुस्तिकेच्या गठ्ठ्यावर कोपर टेकलं होतं.

का खोटं बोललो? मुलगी बारावीला होती, कॉलनीतली माणसं गच्चीवरून बघतात, आई म्हातारी. अशी कारणं मी जमवली, पण ती नंतर, घरी जाताना स्कूटरवर. टेबलाशी बसलो होतो तेव्हा एकही नव्हतं. नाही म्हणायचंय एवढंच आधी माहीत होतं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. घरातलं माणूस गेल्यावर पहिली आखाजी येते, तेव्हा त्याच्या नावाने मातीचा माठ पाण्याने भरून पुजतात, वर आंबा आणि खरबूज ठेवतात. त्याला आम्ही डेरगं भरणं म्हणतो. आणि बाहेरचा एक पुरुष पितर म्हणून जेवायला बसवतात. त्याचे पाय धुवायचे, टिळा लावायचा, पोटभर जेवू घालायचं. तो जेवला की आपला गेलेला माणूस जेवला. त्या दिवशी घराघरांत पितर लागतात, त्यामुळे कॉलनीतले निवृत्त लोक महिनाभर आधीच ठरलेले असतात. मी ठरवलेले नाना ऐन सकाळी दुसऱ्या घरी जाऊन बसले. तिथे आमरस हापूसचा होता.

पुरणपोळीचं मातीचं खापर चुलीवर, आई पाटाशी, आणि पितराचा पत्ता नाही. त्या ‘शे’ म्हणणाऱ्या संशोधकाची गोष्ट मी घरी सांगितली होती. आई म्हणाली, “तुना कॉलेजना तो पोऱ्या शे ना, केळीवाला. त्याले बलाव.”

“आई, तो परदेशातला आहे.”

“पितरले कोठे गाव ऱ्हास?”

मी फोन केला. जेवायला ये, एवढंच सांगितलं. कशासाठी ते नाही. तो अर्ध्या तासात इस्त्रीचा शर्ट घालून आला. जळगावात येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि कुणी घरी जेवायला बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती. हे त्यानेच बायकोला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, आनंदाने. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या भरायला गेलो.

मग त्याचे पाय मी धुतले. परातीत उभा राहून तो गोंधळून आईकडे बघत होता. आईने त्याला सांगितलं, “घाबरू नको. आज तू याना बाप शे.” त्याला कळलं. तो एकदम सरळ उभा राहिला आणि जेवायला बसल्यावर त्याने एकच विचारलं, “आजी, त्यासले काय आवडे?” आई म्हणाली, रसात कुरडई चुरून. त्याने कुरडई चुरली आणि तसंच खाल्लं, दोनदा मागून. आई पदर डोळ्यांना लावून वाढत होती. मी आपला मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत होतो.

जेवण झाल्यावर आई म्हणाली, “बाहेर ऊन शे, भाऊ. वरनी खोली रिकामीच पडेल शे. त्यासनीच शे. जराखा आडा व्हय.”

मी अंगणाकडे बघितलं. तिथे पाहुण्यांची एक चप्पल असती तरी चाललं असतं. मग मी जे केलं ते खोटं बोलण्याहून वाईट होतं. मी घाईघाईने म्हणालो, “हो हो, पाहुण्यांचं परवाच रद्द झालं. तुला सांगणारच होतो. आता तू महिनाभर राहू शकतोस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग आईकडे वळला.

“नही आजी. साहेबना पाहुना येणार शे. मी चोपडाले जास. मळावाला बाबानी माले खोली दिधी.” मळ्यातली मोटारपंपाची खोली होती ती. मळ्याच्या मालकाने माझी पुस्तिका वाचलेली नव्हती.

मला त्याने आईसमोर उघडं पाडलं नाही. आईच्या पाया पडला. रीतीप्रमाणे त्याला मी नमस्कार करायचा होता, तो मी केला. उठताना गुडघा वाजला, तेवढा एकच आवाज आमच्या दोघांत झाला.

महिनाभर तो पंपाच्या खोलीत राहिला. जूनमध्ये वसतिगृह उघडलं तेव्हा नोंदींची वही घेऊन ऑफिसात आला, नेहमीसारखा “काम शे” म्हणाला. मी त्याचं काम त्या दिवशी इतकं झटपट केलं की शिपाईसुद्धा बघत राहिला. पुढच्या भाषणात ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पुस्तिकेत मात्र अजून आहे.

पण मला खरं पुरून उरलं ते आईचं वागणं. पाहुणा येणार, असं पितराच्या तोंडून ऐकलं म्हटल्यावर तिचा त्यावर पूर्ण विश्वास. दुसऱ्याच दिवशी तिने वरची खोली झाडली, खिडकी उघडली, खाटेवर धुतलेली चादर घातली, कोपऱ्यात माठ ठेवला. रोज सकाळी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायची आणि कोपऱ्यातल्या माठात ताजं पाणी भरायची. बायको एकदा मला म्हणाली, “सांगून टाका त्यांना.” मी म्हणालो, सांगतो.

दहा-बारा दिवसांनी आई जिन्यावरून रिकामी कळशी घेऊन उतरली आणि माझ्याजवळ बसली.

“पाहुना उना नही?”

“नाही आला, आई.”

तिने कळशी पालथी घातली.

“उना व्हता,” ती म्हणाली. “जेवीसन गया.”