पोळ्याचा मान आणि फोटोतला कोट

आमची शेती कधीची ट्रॅक्टरने होते. तरी माझ्या गोठ्यात बैलजोडी आहे आणि ती मी निव्वळ ईर्ष्येपोटी ठेवली आहे. बायको तोंडावर म्हणते, "बैल नही पाळतस तुम्ही, पोटदुखी पाळतस." तिचं चुकत नाही.

सारंगखेड्याहून थोडं खाली, तापीकाठी आमचं गाव. पोळ्याला सगळ्या जोड्या वेशीपाशी जमतात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, आणि त्याखालून पहिली जाते ती माझ्या चुलतभावाची जोडी. हा मान त्यांच्या घराचा. दुसरी आमची, जवळचे भाऊबंद म्हणून. म्हणजे हातात कासरा धरता यायला लागल्यापासून दर पोळ्याला मी त्याच्या बैलांची शेपटं बघत वेस ओलांडत आलोय. माझे बैल उजवे असले तरी, मी शिंगांना चांगला रंग लावला तरी. एका वर्षी मी मुद्दाम शहाद्याहून आरशांच्या झुली आणल्या होत्या, तर लोक म्हणाले, "झुली भारी, पण मानाची जोडी ती मानाची."

या मानाचं कारण त्याच्या बैठकीत टांगलेला एक फोटो. त्यात दोन सख्खे भाऊ आहेत. धाकटा खुर्चीत बसलेला, अंगात पितळी बटणांचा फौजी कोट, डोक्याला साफा. हा त्याचा पणजोबा. थोरला शेजारी उभा, धोतर-बंडीत, एक हात खुर्चीवर. हा माझा. कोटवाल्याच्या घराला गाव अजून 'फौजीनं घर' म्हणतं. आमच्या घराला गाव काहीच म्हणत नाही.

चुलतभाऊ माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. तो चांगला आहे. माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस धोतर खोचून राबला, आणि पाहुण्यांनी फोटोचा विषय काढला तेव्हा लाजला. त्या लाजण्याचा मला जास्त राग आला. मान मिरवणाऱ्यावर निदान उघडपणे जळता तरी येतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी तो दारात आला. "भाऊ, तू नंदुरबारले जाईच ऱ्हायना, ते हाऊ फोटू लई जा. फ्रेमले वाळवी लागनी."

मी पिशवी पुढे केली. खरं सांगतो, मला आनंद झाला. कित्येक वर्षं माझ्या मनात एक शंका होती, शंका कसली, नवसच तो: हा कोट फौजेचा नसून लग्नातल्या बँडवाल्याचा निघावा. पितळी बटणं त्यांच्याही कोटाला असतातच की.

नंदुरबारला फ्रेमवाल्याने फोटो मोकळा केला. समोरून कडा झाकणारा जाड पांढरा पुठ्ठा सोलून काढला, तेव्हा फोटो खाली चार बोटं वाढला. आजवर दोघं भाऊ आम्हाला गुडघ्यापर्यंतच दिसायचे. नवी फ्रेम व्हायला दोन तास लागणार होते. मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. त्याने उभी हयात पोलिसांचे गणवेश शिवले आणि बँडवाल्यांचेही. माझ्या कामाला याहून योग्य माणूस मिळाला नसता.

"बँडना शे ना?" मी विचारलं.

त्याने भिंग घेतलं. खिशांवरची झाकणं बघितली, खांद्यावरची पट्टी बघितली. "नही दादा. फौजनाच शे. बँडवाला असा खिसा नही लावतस."

माझं तोंड कडू झालं. आपण होऊन पैसे देऊन घरात साप आणावा, तसं मी केलं होतं. मी फोटो मागायला हात पुढे केला, पण तो सोडेना.

"पण हाऊ कोट याना नही शे," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"याना मापना नही. बाह्या दखा, बोटेसवर उन्यात. खांदा उतरना. आनि पाय दखा ना."

बाह्या खरंच बोटांपर्यंत आल्या होत्या. मी पाय पाहिले. खुर्चीतला फौजी अनवाणी होता. शेजारी उभ्या माणसाच्या धोतराखाली पिंढऱ्यांवर पट्ट्या गुंडाळलेल्या आणि पायात जाड फौजी बूट. माझ्या पणजोबाच्या पायात. कोट त्याच्या खांद्यांना बरोबर बसला असता, हे शिंप्याला टेप न लावता कळत होतं, आणि आता मलाही.

मी त्या दुकानात हसलो. शिंपी घाबरला असावा.

परतीच्या बसमध्ये मी भांडण पाठ करत होतो. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन. तो म्हणेल पुरावा काय, मी म्हणेन बूट. घरी न जाता मी सरळ 'फौजीच्या घरी' गेलो. तो शेतात होता. ओसरीवर त्याची आई, माझी काकू, वाल सोलत बसली होती. नव्वदीला आली आहे, पण नजर शाबूत. मी नवी फ्रेम तिच्यापुढे धरली. पुठ्ठा मी लावू दिला नव्हता.

तिने पाय पाहिले आणि मान हलवली. "तुले आते कळनं?"

माझी सगळी तयारी तिथेच गळाली. काकूला माहीत होतं. तिला तिच्या आजेसासूने सांगितलं होतं, आणि ती आजेसासू म्हणजे त्या खुर्चीतल्या माणसाची बायको.

"तिन्हा बापले फौजी जवाई पाहिजे व्हता," काकू म्हणाली. "आनि धाकलाले कोनी पोर दी नही ऱ्हायनं व्हतं. तुन्हा पणजा रजावर येल व्हता. सारंगखेडानी जत्रामा फोटूवाला बठेल व्हता. त्यानी सोताना कोट काढा आनि भाऊना आंगमा घाली दिन्हा. बूट काही भाऊले बसनात नही." ती हसायला लागली. "फोटू पोरना घर धाडा, लगीन झायं. मंग रजा सरनी. पेटी उचलीसन थोरला, तिन्हा जेठ, गया, आनि नवरा घरच!"

"मंग ती काही बोलनी नही?"

"बोलनी ना, नवराले. माहेरले नही कळू दिन्हं. सांगे, रजा वाढनी."

पुढे माझा पणजोबा फौज सोडून आला, काकू सांगत होती. त्या वर्षी पोळ्याला धाकट्याचा सासरा पाहुणा म्हणून आला होता. वेशीपाशी त्याच्या देखत माझ्या पणजोबाने आपली जोडी मागे ओढली आणि धाकट्याला म्हणाला, फौजी पुढे. तेव्हापासून ते तसंच चाललं. भावाचा संसार मोडू नये म्हणून तो मरेपर्यंत शेतकरी म्हणून राहिला, आपल्या मुलालाही बोलला नाही.

"आनि गाव?"

"गावले माहीत व्हतं. ज्यासले माहीत व्हतं त्या मरी गयात. फोटू ऱ्हायना."

तेवढ्यात चुलतभाऊ आला. पाय धुऊन ओसरीवर चढला आणि फ्रेम बघून म्हणाला, "बेस झायी."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. पणजोबा जन्मभर गप्प बसला होता, मला एकच संध्याकाळ गप्प बसायचं होतं. मला जमलं नाही. मी बाह्या दाखवल्या, पाय दाखवले, रजा, सासरा, सगळं ओतलं. आवाज चढला होता, काकूने वालाचं सुपडं बाजूला सरकवलं.

त्याने फ्रेम हातात घेऊन बुटांवर बोट टेकवलं. मग एवढंच विचारलं, "त्यानी कदी कोनले सांगंच नही?"

"नही."

"मंग औंदा तुन्ही जोडी पुढे ऱ्हाई," तो म्हणाला आणि आईला चहा मागितला.

चेहरा पडला नाही, आवाज बदलला नाही. मी पाठ केलेलं भांडण तसंच तोंडात राहिलं. जन्मभर ज्याच्यासाठी जळलो ते त्याने चहाआधी देऊन टाकलं. कोट काढून देणारा पणजोबा माझा, पण त्याचं काळीज गेलं या घरात. आणि दुसऱ्याचा कोट घालून खुर्चीत बसायची हौस आली माझ्या वाट्याला. त्या क्षणी मी त्याच्यावर जेवढा जळलो, तेवढा कुठल्याही पोळ्याला जळलो नव्हतो.

नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "बरं."