उसवता येणारे आकडे

आमच्या सोळा वर्षांखालील राष्ट्रीय फुटबॉल संघाचा पहिला सामना दुपारी चारला होता, आणि सकाळी दहाला असं उघडकीला आलं की वीस पोरांपैकी एकोणीस जणांच्या पाठीवर चुकीचा नंबर आहे. ही कामगिरी माझी.

त्याचं असं झालं. आठ देशांच्या या स्पर्धेला संघाबरोबर कागदपत्रं सांभाळायला एक माणूस हवा होता. माझी तीस वर्षं कचेरीत गेलेली, मेहुणा फुटबॉल महासंघात आणि पासपोर्ट नुकताच नवा करून घेतलेला. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. निघण्याआधी प्रशिक्षकांनी खेळाडूंची यादी हातानं लिहून दिली. ती बघून माझा जीव कासावीस झाला. वर गोलकीपर, मग बचावाचे, मग मधले, आणि नंबर म्हणाल तर तीननंतर सोळा, सोळानंतर सात. असली यादी आमच्या कचेरीतून कधी बाहेर पडली नसती. मी ती अकारविल्हे लावली आणि डावीकडे एक ते वीस असे सुरेख अनुक्रमांक घातले. आयोजकांच्या फॉर्ममध्ये त्या रकान्याच्या डोक्यावर 'जर्सी क्रमांक' असं छापलं होतं, ही गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली. सही केली, शिक्का मारला, पाठवून दिली.

एकच पोरगा वाचला. तो मुळात पाच नंबरचा होता आणि अकारविल्हेतही पाचवाच निघाला. त्याच्या आईवडिलांच्या दूरदृष्टीचं मला अजून कौतुक वाटतं.

मी आयोजकांच्या कचेरीत धावत गेलो. तिथले अधिकारी अतिशय नम्र; फाशीची तारीखसुद्धा त्यांनी हसून सांगितली असती. यादी बंद झाली आहे, आता एक अक्षर बदलणार नाही. दोन वाजता कपड्यांची तपासणी. पाठीवर यादीतला नंबर नसेल तो खेळाडू मैदानात उतरणार नाही. म्हणजे आमच्यातर्फे चार वाजता नियमाप्रमाणे एकटा पाच नंबर उतरणार होता.

मग पोरांनी एकमेकांच्या जर्सी घालाव्यात, असं मी सुचवून पाहिलं. प्रशिक्षकांनी गोलकीपरला माझ्यासमोर आणून उभं केलं. आमचा गोलकीपर सहा फुटी. त्याच्या वाट्याला चौदा नंबर आला होता, आणि चौदा नंबरची जर्सी ज्याची, तो पोरगा त्याच्या कोपरापर्यंत येत होता. शिवाय गोलकीपरच्या जर्सी हिरव्या, बाकीच्यांच्या लाल. माझ्या यादीनं एक नंबर दिला होता डावीकडून पळणाऱ्या पोराला, आणि एक नंबर होता हिरवा.

प्रशिक्षक दाराकडे वळून म्हणाले, "मावशींना बोलवा."

मावशी म्हणजे संघाचे कपडे सांभाळणाऱ्या बाई. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण त्यांना सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात त्यांचं निम्मं आयुष्य कॉलर लावण्यात गेलं. नवरा मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचा. एकदा त्यानं गोलाचं फाटलं जाळं घरी आणलं आणि बायकोसमोर टाकलं. मावशींनी ते दोन दिवसांत असं विणलं, की क्लबवाल्यांनी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचंही पाठवलं. जाळ्यामागून मोजे आले, मोज्यांमागून जर्सी, आणि हळूहळू राष्ट्रीय संघाच्या पोरांचे कपडे. त्याला आता बावीस वर्षं झाली. नवरा गेला, रेषा आता यंत्र मारतं, मावशी आहेत.

या बावीस वर्षांत त्यांनी एकही सामना गॅलरीत बसून पाहिलेला नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना आजतागायत माहीत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. त्या सामना बघतात तो नंतर, धुवायला आलेल्या कपड्यांवर. कोण नुसता उभा होता, कोण लोळण घेऊन खोटं विव्हळला, कोणाला कोणी मागून धरलं, हे सगळं त्या माती आणि शिवणीवरून सांगतात. मागे एकदा त्यांनी प्रशिक्षकांना सांगितलं, की समोरच्यांचा एक गडी नेहमी डाव्या हातानं ओढतो, आपल्या तीन पोरांची उजवी बगलच उसवली आहे. प्रशिक्षक आधी हसले. मग पुढच्या सामन्याआधी त्यांनी पोरांना त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायला सांगितलं.

जर्सी शिवताना त्या शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, नेहमीपेक्षा बोटभर जास्त सोडतात. सोळा वर्षांची पोरं. मापं घेतल्यापासून स्पर्धेपर्यंत खांदे कुठल्या कुठे जातात. आणि पाठीवरचे आकडे त्या चिकटवत नाहीत, कापडाचे कापून शिवतात. यावरून महासंघात त्यांची भरपूर थट्टा व्हायची. सगळं जग आकडे यंत्राखाली दाबून चिकटवतं आणि या बाई अजून टाके घालतात. पण दहा वर्षांपूर्वी असेच चिकटवलेले आकडे भर पावसात सुटले होते. आमच्या अठरा नंबरच्या पाठीवरचा एक गळून पडला, त्यानं कोणाला तरी पाडलं, आणि पंचांच्या वहीत पिवळं कार्ड लागलं आठ नंबरला. खरा आठ नंबर तेव्हा बाकावर संत्रं सोलत बसला होता. त्या दिवसापासून मावशींनी गोंद बंद केला. महासंघानं पुढे चिकटवायचं यंत्र विकत घेतलं, तेही मावशींच्याच ताब्यात आहे. त्यावर त्या प्रशिक्षकांच्या पँटला इस्त्री करतात.

तर मावशी आल्या. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, ओठांत टाचणी. मी चूक सांगायला सुरुवात केली. माझं प्रास्ताविक संपायच्या आत त्यांनी यादी हातातून घेतली, वाचली, टाचणी काढली आणि विचारलं, "एक ते वीसच आहेत ना?"

मी हो म्हटलं.

"मग कापायचं काही नाही. आकडे तेच आहेत, पाठी बदलायच्यात."

आमचा मुक्काम होता त्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर कपडे धुवायची खोली होती. दोन यंत्रं, एक लांब टेबल, खिडकीत दोरी. तिथे त्यांनी वीसही जर्सी पसरल्या. वीस पोरांची मापं त्यांना तोंडपाठ होती. या दोघांचे खांदे सारखे, हा त्याची घालेल. हा तिसरा तीन महिन्यांत दोन बोटं रुंदावलाय, त्याला ही चालेल. बघता बघता सात पोरांचं नुसत्या अदलाबदलीवर भागलं. उरल्या बारा. त्या बारांचे आकडे उसवून पुन्हा लावायचे होते, आणि घड्याळात साडेदहा वाजले होते.

उसवायला त्यांनी माणसं बोलावली. प्रशिक्षक आले, संघाचे डॉक्टर आले. डॉक्टरांचा हात सगळ्यांत चलाख. टाके काढायची सवय. प्रशिक्षकांनी पहिल्याच आकड्याला ब्लेड जोरात ओढलं, तेव्हा मावशींनी त्यांना बजावलं, की हा समोरच्यांचा बचाव नाही, फाडायचा नाही. वीस पोरं ज्या माणसाला चळाचळा कापतात तो माणूस मान खाली घालून एकेक टाका उचलू लागला. मीही ब्लेड मागितलं. मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दोरे वेचा."

मी दोरे वेचले.

डाव्या भिंतीला त्यांची हातानं फिरवायची मशीन होती. तिच्यासाठी विमानतळावर दरवेळी तासभर वाद होतो, तरी त्या ती बरोबर आणतात. उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांची बारीक भोकं राहत होती. मावशी ओला रुमाल ठेवून त्यावर इस्त्री फिरवत, कापड मिटून येई, मग नवा आकडा ठेवून कडेनं शिवण. चाक फिरवताना त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. घड्याळ बघायचं काम मी स्वतःहून घेतलं होतं आणि दर दहा मिनिटांनी वेळ जाहीर करत होतो. चौथ्या वेळी डॉक्टरांनी मला पाणी आणायला पाठवलं.

मध्येच दारात सात नंबरचा पोरगा येऊन उभा राहिला. आमचा सगळ्यांत चपळ गडी. माझ्या यादीत तो विसावा. त्याचा चेहरा पडलेला. सात नंबर त्याला शुभ होता, लहानपणापासून तोच होता, आता वीस घालून गोल कसा होणार, असं त्याचं म्हणणं. प्रशिक्षक काहीतरी समजुतीचं बोलणार होते. मावशींनी मशीन न थांबवता विचारलं, "गोल पाठीनं मारतोस का रे?"

पोरगा हसला आणि विसाची जर्सी घेऊन गेला.

शेवटची जर्सी मोठ्या गोलकीपरची. दीड वाजला होता. हिरव्या पाठीवर चौदा लागला आणि मावशींनी दात लावून दोरा तोडला. मग सगळ्या जर्सी ओळीनं लावून मला यादी वाचायला सांगितली. मी वाचत गेलो, त्या आकड्यावर बोट ठेवत गेल्या. सगळं जुळलं. तरी त्यांनी तीच यादी डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वाचून घेतली. मला राग आला नाही.

दोन वाजता ते नम्र अधिकारी आले. एकेक जर्सी उलटी करून पाहिली. चौदा नंबरची शिवण त्यांनी नखानं ओढून बघितली, ती हलली नाही. त्यांनी हसून सही केली. चारला आमचे अकरा मैदानात उतरले.

सामना एक-एक बरोबरीत सुटला. आमचा गोल विसानं मारला, पायानं. त्याआधी समोरच्या बचाववाल्यानं त्याला मागून धरून असा ओढला होता की कॉलर फाटून मानेवर लोंबत होती. पाठीवरचे दोन आणि शून्य मात्र जागचे हलले नाहीत.

सामना संपला तेव्हा बाहेर चांगला उजेड होता. पोरांचे कपडे धुवायला गेल्यावर थोड्या वेळानं मीही वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. धुवायचं यंत्र घुरघुरत होतं, आणि मावशी खिडकीशी बसून ती फाटलेली कॉलर लावत होत्या, परवाच्या सामन्यासाठी. मी गोलाची हकीकत सांगितली. त्या कॉलर बघत होत्या. ओढणारा डावखुरा होता का, एवढंच त्यांनी विचारलं. होता.

त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसून मी मनापासून म्हणालो, "मावशी, आज तुम्ही नसता तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही."

त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही नसता तर काहीच झालं नसतं."