शिट्टीबाई

शिट्टीबाईच्या घरी कुणी हळू आवाजात बोलू लागलं की समजावं, काहीतरी विपरीत घडलंय. एरवी त्या दोन खोल्यांत नुसता कल्ला. भांडण नव्हे हो, साधं 'मीठ दे' म्हणायचं असलं तरी बाई खालच्या दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणायची. कापडाच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात उभी हयात गेलेली. कान केव्हाच कामातून गेले होते. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले की भांडण सोडवायला धावत यायचे आणि चहा पिऊन हसत परत जायचे.

त्या रविवारी मात्र सगळे कुजबुजत होते. बाईला जाऊन महिना होत आला होता. लेकीनं आईच्या माणसांना बोलावलं होतं, की एकदा बसू, तिच्याबद्दल बोलू. मामा आला, शेजारीण आली, आणि कारखान्यातल्या दोघी जिवलग मैत्रिणी आल्या, लंबूमावशी आणि बुटकीमावशी. निमित्त आठवणींचं होतं, पण लेकीच्या मनात दुसरंच होतं. आपण शेवटी जे केलं ते बरोबर केलं ना, एवढंच तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं की घरी न्यायचं? आशा फारशी नाही, हेही सांगितलं होतं. लेक म्हणाली होती, चालू ठेवा. आणि आई त्या यंत्रावरच झिजत झिजत गेली.

आधी मामा बोलला. आईबाप गेले तेव्हा तो दप्तर सांभाळायच्या वयाचा आणि बहीण जेमतेम फ्रॉकातून बाहेर पडलेली. तीच मागावर उभी राहिली. वह्या आणल्या, शाळेत मास्तरांशी भांडली, तो नापास झाला तेव्हा बदडलं आणि मग रात्रभर स्वतःच रडली. तिच्या नवऱ्याचा विषय मामानं टाळला. तो पोरगी रांगत असतानाच घर सोडून गेला होता. एवढी मोठ्यानं बोलणारी बाई, पण त्या एका बाबतीत तिच्या तोंडाला कायमचं कुलूप होतं. त्यानं चष्मा काढून उगाच पुसला.

मग मैत्रिणींचा नंबर लागला. लंबूमावशी म्हणाली, कारखान्यात आवाजाचा उपयोगच नव्हता. शेजारी उभं राहून बोंबललं तरी ऐकू येत नसे. म्हणून सगळ्या ओठांनी बोलायच्या, तोंड मोठं करकरून, आवाज न काढता. मुकादमाच्या नाकासमोर त्याचीच टिंगल चालायची आणि त्याला पत्ता नसायचा. त्यात शिट्टीबाईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मुकादमाची चाल, त्याची बायको, त्याचं पोट, सगळं ती नुसत्या ओठांनी करून दाखवायची आणि पलीकडच्या टोकाला बायका पोट धरून हसायच्या.

लेकीला ते ओठांचं बोलणं येत नव्हतं. शाळेत असताना एकदा आई फाटकाबाहेरून तशीच बोलली होती आणि मैत्रिणी फिदीफिदी हसल्या होत्या. घरी येऊन लेकीनं फणकाऱ्यानं सांगितलं होतं, माकडासारखी तोंडं करत जाऊ नकोस. आईनं ऐकलं. त्या दिवसापासून घरात ओठ बंद, आणि त्या जागी हा आरडाओरडा आला.

"आणि शिट्टी," बुटकीमावशी म्हणाली, "ती सांग ना."

ती गोष्ट लेकीला पाठ होती, तरी तिनं ऐकली. बाईची शिट्टी अशी की सगळा खडखडाट चिरत जायची. पण तिनं सगळ्यांना दम देऊन ठेवला होता, गमतीत शिट्टी वाजवायची नाही, घरीसुद्धा नाही. शिट्टीचा अर्थ एकच, कुणीतरी अडकलंय, यंत्र बंद करा. ऐकणारीनं कारण विचारत बसायचं नाही, आधी यंत्राचा खटका पाडायचा. लंबूमावशीचा हात मागाच्या पट्ट्यात गेला तेव्हा बाईनंच शिट्टी घातली आणि बुटकीनं खटका पाडला. मावशीनं उजवा हात पुढे केला. दोन बोटं अर्धी होती. "बाकीची मी तिच्यामुळे शाबूत आहे," ती म्हणाली.

लेकीला हीच वेळ बरी वाटली. तिनं मोबाइल काढून दवाखान्यातला व्हिडिओ लावला. आईच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातली होती, आवाज फुटत नव्हता. नळी ओढून काढू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले होते. ते बघताना शेजारणीनं मान फिरवली. "पण शेवटी बघा," लेक म्हणाली. पडद्यावर बाईनं लेकीकडे पाहिलं आणि ओठांचा चंबू केला. थांबली, पुन्हा केला. मग पडद्यात लेकीचा गाल आला आणि व्हिडिओ संपला.

"मुका देत होती मला," लेक म्हणाली. "रोज द्यायची, मी भेटायला जायचे तेव्हा. म्हणजे राग नव्हता ना तिला?"

मामा ओक्साबोक्शी रडायला लागला. लंबूमावशीनं मोबाइल हातात घेऊन व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि परत दिला. "राग कसला, पोरी," ती म्हणाली. "लेकरावर कुणी रागावतं का?"

लेकीच्या काळजावरचा दगड उतरला. कधी नव्हे ती भूक लागल्यासारखं वाटलं. ती चहा टाकायला आत गेली, आणि साखर कुणाला कमी, हे विचारायला पुन्हा दारात आली.

मामाच्या डोक्यावरून दोघी मैत्रिणी बोलत होत्या. आवाज न काढता, तोंड मोठं करकरून. काय ते लेकीला कळलं नाही. पण मग लंबूमावशीनं ओठांचा चंबू केला. थांबली, पुन्हा केला. अगदी तसाच. आणि बुटकीमावशीनं हवेत हात नेऊन खटका खाली पाडला, आणि तोच हात तोंडावर दाबून धरला.

लेक चौकटीला धरून उभी राहिली. "मावशी, मोठ्यानं बोल."

"काही नाही गं."

"मोठ्यानं बोल."

लंबूमावशीनं आपल्या अर्ध्या बोटांकडे पाहिलं. "नळी होती ना," ती म्हणाली. "म्हणून वाजत नव्हती."

आत चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही.

"आणि मी रोज गाल पुढे करत होते," लेक म्हणाली. इतक्या मोठ्यानं म्हणाली की वरचे भाडेकरू जिन्यावर येऊन थांबले.